गरिबाची चोरी अदखलपात्र का?

पंचशीलातील दुसरे शील चोरी न करण्याचे आहे. विहारात लहान मुलेसुद्धा ते म्हणतात. जे कोणी आपल्याला दिलेले नाही ते घेणार नाही, हा त्याचा साधा अर्थ. परंतु हे शील पाळणाऱ्या माणसाच्याच घरात चोरी झाली तर त्याने कोणाकडे जायचे, काय मागायचे आणि तिथे त्याचे ऐकले जाईल काय, या प्रश्नांची चर्चा आपल्या चळवळीत फारशी झालेली नाही. मालमत्ता म्हणजे श्रीमंतांचा विषय, अशी आपली एक समजूत झालेली आहे. ही समजूत चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चोरी म्हटली की वर्तमानपत्रात बंगल्याची, सराफाच्या दुकानाची बातमी येते. पण नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याची थापी, ओळंबा आणि लेव्हलची पिशवी गेली तर त्याची बातमी होत नाही. भाजीवालीचा वजनकाटा जातो, सफाई कामगाराची सायकल जाते, भूमिहीन मजुराच्या दारातल्या कोंबड्या जातात, शिकणाऱ्या पोराचा जुना मोबाईल जातो. बाजारभावाने या वस्तू दोन-चार हजारांच्या. परंतु ज्याच्या गेल्या त्याचा दुसऱ्या दिवसाचा रोजगार त्यांच्याबरोबर गेलेला असतो. श्रीमंताच्या घरातून पाच लाख गेले तरी त्याची चूल पेटते. गवंड्याची हत्यारे गेली तर त्याची चूल पेटत नाही. मग कोणती चोरी मोठी?

कायद्याने याचे उत्तर रुपयांत दिलेले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीसाठी ३७९ हे कलम होते. चोरी दहा रुपयांची असो की दहा लाखांची, तो गुन्हा दखलपात्र होता. म्हणजे फिर्याद येताच गुन्हा नोंदवून तपास सुरू करणे हे पोलिसांचे कर्तव्य होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चोरीचे कलम ३०३ झाले. त्यात एक नवी तरतूद आली. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी. इथपर्यंत ठीक आहे. परंतु तिच्या जोडीला आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत पाच हजारांच्या आतली ही चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवली गेली. अदखलपात्र म्हणजे पोलीस वहीत एक एनसी लिहून घेणार आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत.

आमचा विरोध कशाला आहे हे नीट समजून घ्यावे. भुकेपोटी पहिल्यांदा हात मारणाऱ्याला तुरुंगात सडवू नये, त्याला सुधारण्याची संधी द्यावी, ही गोष्ट माणुसकीला धरून आहे. सौम्य शिक्षेला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो तपास नाकारण्याला. शिक्षा किती द्यायची हा शेवटचा प्रश्न आहे. चोर शोधायचा की नाही हा पहिला. पाच हजारांच्या खालच्या फिर्यादीत हा पहिला प्रश्नच निकालात काढला गेला आहे. शिवाय यात एक विसंगती आहे. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरतो आहे काय आणि त्याने माल परत केला काय, हे खटल्याच्या शेवटी कळते. फिर्यादीच्या दिवशी तर चोर कोण हेसुद्धा माहीत नसते. मग ती सवलत कोणाला द्यायची हे ठाणे अंमलदार टेबलावर बसून कसे ठरवणार? हा मुद्दा आपल्या वकील बांधवांनी न्यायालयात मांडला पाहिजे.

या देशात कष्टकऱ्याच्या मालमत्तेला कमी लेखण्याची परंपरा जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात शूद्राच्या धनाविषयी काय लिहिले आहे ते सर्वांना ठाऊक आहे. ऐपत असली तरी शूद्राने संपत्ती साठवू नये आणि ब्राह्मणाने त्याचे धन खुशाल घ्यावे, असा तो न्याय होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यात हाही न्याय होता. पुढे राज्यघटनेने कलम १४ मध्ये कायद्यापुढे समानता दिली. आता हातगाडीवाल्याचा गल्ला आणि कारखानदाराची तिजोरी यांना कायद्याचे संरक्षण सारखेच मिळाले पाहिजे. ते मिळत नसेल तर मागितले पाहिजे, आणि मागण्यासाठी कायद्यात काय आहे ते माहीत असले पाहिजे.

म्हणून काही गोष्टी आम्ही इथे सविस्तर देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, पाच हजारांची मर्यादा ही केवळ कलम ३०३ च्या साध्या चोरीसाठी आहे. राहत्या घरातून, तंबूतून किंवा माल ठेवण्याच्या जागेतून चोरी झाली तर कलम ३०५ लागते. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे, मग माल पाचशेचा का असेना. झोपडी हे राहते घर आहे. पाल हा तंबू आहे. प्रवासी किंवा मालवाहू वाहन चोरीला गेले, किंवा अशा वाहनातून वस्तू चोरीला गेली, तरी हेच कलम लागते. रिक्षावाल्यांनी, टेम्पोवाल्यांनी, एसटी आणि लोकलच्या प्रवाशांनी हे ध्यानात ठेवावे. हातातला मोबाईल किंवा गळ्यातली पोत हिसकावून नेली तर ते कलम ३०४, म्हणजे हिसकावून केलेली चोरी. तेही दखलपात्र आहे. रात्री कुलूप तोडून, पत्रा उचकटून चोर आत शिरला असेल तर घरफोडीचे कलम ३३१ लागते. आणि एकाच घटनेत एक गुन्हा दखलपात्र व दुसरा अदखलपात्र असेल तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७४ सांगते. तेव्हा “पाच हजारांच्या आत आहे, एनसी घ्या” असे कोणी म्हणाले तर मुकाट्याने परत फिरू नका. चोरी कुठून झाली आणि कशी झाली हे फिर्यादीत लिहून घ्यायला लावा. कलम त्यावरून ठरते.

दुसरी गोष्ट ‘गहाळ’ या शब्दाची. मोबाईल किंवा पाकीट चोरीला गेल्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला पुष्कळदा हरवल्याचा दाखला दिला जातो. गुन्ह्यांचा आकडा वाढत नाही, तपास करावा लागत नाही, आणि दाखला मिळाल्यामुळे गरीब माणूस समाधानाने घरी जातो. परंतु हरवणे हा गुन्हा नाही, आणि गुन्हाच नसेल तर तपास कशाचा? वस्तू चोरीला गेली असेल तर ‘गहाळ’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका. वाचता येत नसेल तर आधी वाचून दाखवायला सांगा. फिर्याद वाचून दाखवणे ही मेहेरबानी नाही, ती कायद्याची अट आहे. तसेच किंमत सांगताना सर्व वस्तूंची मिळून सांगा, पण फुगवून सांगू नका. खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट फिर्याद नाकारली तर काय करायचे ही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये दिला. नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही हे उत्तर आता चालत नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत त्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना मिळालेली आहे. साध्या चोरीत ती वापरली जाऊ शकते. घरातल्या चोरीला शिक्षा सात वर्षांपर्यंत असल्याने तिथे मात्र ती लागू होत नाही.

एवढे करूनही नोंद झाली नाही तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर उपायुक्तांकडे. त्यानेही काम झाले नाही तर कलम १७५ खाली प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. एनसी झालेली असेल तरी कलम १७४ खाली तपासाचा आदेश दंडाधिकाऱ्याकडून मिळवता येतो. गुन्हा नोंद झाल्यावर नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणे हेही आता पोलिसांवर बंधनकारक आहे. या प्रत्येक पायरीवर आपला अर्ज लेखी असावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी. तोंडी गाऱ्हाण्याला कचेरीत किंमत नसते.

वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. राज्यघटनेच्या कलम ३९ क ने मोफत कायदेशीर मदतीची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीची कोणतीही व्यक्ती, कोणतीही स्त्री, बालक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील माणूस यांना ही मदत मिळते. यात उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या बांधवांनाही हा हक्क आहे. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. शासनाने आपल्यासाठी वकील ठेवलेला असताना आपण सावकाराकडून कर्ज काढून वकील करतो, हे थांबले पाहिजे.

चोर सापडला तरी माल हाती येईलच असे नाही. जप्त केलेला मुद्देमाल वर्षानुवर्षे पोलीस ठाण्याच्या आवारात पडून राहतो. मोटारसायकली गंजतात, रिक्षांची चाके जातात. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले की, मालाचा पंचनामा करावा, छायाचित्रे काढावीत आणि बंधपत्र घेऊन तो मालकाला लवकर परत द्यावा. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये याला मुदतही घातलेली आहे. माल न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याची यादी आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश. खटला संपण्याची वाट पाहू नये. सुपुर्दनाम्यावर माल मिळावा म्हणून लगेच अर्ज करावा. ज्या रिक्षावर घर चालते ती रिक्षा खटला संपेपर्यंत उभी ठेवणे कोणाला परवडणार?

माल आपला आहे हे दाखवायला मात्र कागद लागतो. पावती जपून ठेवण्याची सवय आपल्या घरांत कमी आहे. मोबाईलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा. मोबाईल चोरीला गेला तर पोलिसांकडील तक्रारीची प्रत जोडून केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून तो बंद करता येतो. दागिना घेताना हॉलमार्कची पावती घ्यावी. सायकल आणि शिलाई मशीनवर क्रमांक असतो, तो लिहावा. हत्यारांवर आपली खूण कोरावी. आणि दुसऱ्याचा मोबाईल बिलाशिवाय स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा कलम ३१७ चा गुन्हा आहे, आणि त्यात स्वस्ताईला भुललेला गरीबच आधी अडकतो.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू, जी आम्हाला अधिक चिंतेची वाटते. चोरीची फिर्याद घेऊन गेलेल्या आपल्या माणसाला बाकावर बसवून ठेवले जाते. पण चोरी दुसऱ्याकडे झाली की संशयित म्हणून सर्वांत आधी आपलीच माणसे उचलली जातात. सोसायटीत दागिना सापडेना झाला की धुणीभांडी करणाऱ्या बाईची झडती होते. गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर गाडी जाते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून संपूर्ण जमातींना जन्मतः चोर ठरवले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कायदा गेला पण संशय गेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातील जातिभेदाच्या प्रकरणात पुन्हा सांगावे लागले की, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होता कामा नये.

म्हणून संशयिताचे हक्कही पाठ असले पाहिजेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही, अटकेची गरज नसेल तर आधी नोटीस द्यावी लागते, हे अर्णेशकुमार प्रकरणात २०१४ मध्ये ठरलेले आहे. चोरीची बहुतेक कलमे याच मर्यादेत येतात. अटक केली तर कारण सांगितले पाहिजे, नातेवाइकाला कळवले पाहिजे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची झाल्यास महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. झडतीचे आता चित्रीकरण करावे लागते. मालकिणीला मोलकरणीची झडती घेण्याचा किंवा तिला कोंडून ठेवण्याचा कोणताही अधिकार नाही. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर सवर्णाने द्वेषाने खोटा फौजदारी खटला केला, किंवा तिला त्रास व्हावा म्हणून लोकसेवकाला खोटी माहिती दिली, तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) मधील (पी) आणि (क्यू) खाली गुन्हा ठरतो.

स्वतःच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचा अधिकार न्याय संहितेने प्रत्येकाला दिला आहे. चोराला अडवता येते, पकडता येते. परंतु आवश्यक तेवढेच बळ वापरता येते, आणि पकडलेल्या चोराला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. खांबाला बांधून मारणे हा बचाव नव्हे, तो गुन्हा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षेकरी होते. जमावाच्या न्यायात नेहमी भटक्याचा, परक्याचा आणि दुबळ्याचा बळी जातो. तेव्हा निदान आपल्या वस्तीत तरी असा न्याय होऊ देता कामा नये. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संशयाचा मार खाल्ला, त्यांनी दुसऱ्यावर तो हात उगारू नये.

आमच्या मागण्या थोडक्यात अशा आहेत. पाच हजारांच्या आतली चोरी पुन्हा दखलपात्र करावी, शिक्षा हवी तर सौम्यच ठेवावी. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतील विषय आहे. केंद्र हलत नसेल तर महाराष्ट्र विधिमंडळाने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यापुरती दुरुस्ती करावी. रोजगाराची हत्यारे आणि साधने चोरीला गेली तर किंमत न पाहता गुन्हा नोंदवावा, असे परिपत्रक गृहखात्याने काढावे. आपल्या राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेल्या आमदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारावा. त्यासाठी पैसा लागत नाही, अभ्यास लागतो.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक काम आहे. जयंतीच्या वर्गणीतून मंडप उभा राहतो तसा प्रत्येक वस्तीत एक कायद्याचा माणूस उभा राहिला पाहिजे. कायदा शिकणारी आपली मुले-मुली आज गावोगाव आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ विहारात बसून लोकांचे अर्ज लिहून द्यावेत. फिर्यादीला जाताना भाजीवालीबरोबर, गवंड्याबरोबर, मोलकरणीबरोबर पोलीस ठाण्यात दोघे जण जावेत. एकट्या माणसाला सांगितलेले “उद्या या” हे उत्तर तिघांना देणे अवघड जाते.